चिपचं कूळ

जुन्या पनवेलात काय नि नवीन पनवेलात काय, लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावरचं हे काम सारखंच. मदरबोर्डवरच्या आठ पिनांच्या बायोस आयसीला क्लिप लावायची, तिची वायर यूएसबीच्या स्वस्त प्रोग्रॅमरला जोडायची आणि ‘डिटेक्ट’ दाबायचं. प्रोग्रॅमर 9एफ हा एक बाइट पाठवतो, चिप तीन बाइट परत करते. ईएफ 40 18 असं उत्तर आलं तर ईएफ हे विनबॉण्डचं घराणं, 40 ही मालिका आणि हेक्साडेसिमलमधले 18 म्हणजे आपले 24. दोनाचा चोविसावा घात, अर्थात 16 मेगाबाइट. नुसतंच एफएफ एफएफ एफएफ आलं तर बहुतेक वेळा क्लिपच नीट बसलेली नसते. पिना ब्रशने साफ करून ती पुन्हा लावायची.

चिपला स्वतःचं नाव सांगायला शिकवलं गेलं ते व्होल्टेजच्या घोळातून. आजच्या या फ्लॅश चिपच्या आधी ईप्रॉम होती: इंटेलमध्ये डॉव फ्रोमन यांनी 1971 साली आणलेली, पाठीवर काचेची खिडकी असलेली, अतिनील प्रकाशाने पुसली जाणारी. तिच्यात लिहायला जास्तीचं व्होल्टेज लागे आणि ते प्रत्येक पिढीत बदलत गेलं. 2716ला 25 व्होल्ट, 2764ला 21, तर 2764एला साडेबारा. शेवटच्या दोघी दिसायला सारख्या, 28 पिनांच्या. फरक एका अक्षराचा, आणि खिडकीवर प्रकाश पडू नये म्हणून चिकटवलेल्या कागदाखाली तेही झाकलं जायचं. एवालीला 21 व्होल्ट दिले की ती गेलीच.

ओळख सांगायला वेगळी पिन द्यावी, तर मोठ्या चिपांत मोकळी पिन नव्हती. मग ऐंशीच्या दशकात जी युक्ती निघाली ती मला अजूनही फार हुशारीची वाटते. ए9 या पत्त्याच्या पिनवर रोजच्या कामात पाचाच्या वर व्होल्टेज येतच नाही. तिथे मुद्दाम बारा दिले की चिप आपला मजकूर बाजूला ठेवते. शून्य पत्त्यावर कंपनीचा आकडा सांगते, पुढच्या पत्त्यावर मॉडेलचा.

कंपन्यांचे आकडे जेडेक ही संस्था वाटते. सात बिट आकड्याचे, आठवा तपासणीचा, म्हणजे एकांची संख्या विषम भरली पाहिजे. एएमडी पहिली, म्हणून 01. इंटेलचा आकडा नऊ. बायनरीत त्यात एक दोनदा येतो, म्हणून आठवा बिट लागून तो हेक्साडेसिमलमध्ये 89 होतो. एका पानावर 126 कंपन्या मावतात. पुढच्या पानावरची कंपनी आधी 7एफ म्हणते, मग आपला आकडा.

तोशिबात फुजिओ मासुओका यांनी 1984 साली फ्लॅश मांडली. पुढे ती थेट बोर्डावर बसू लागली, तेव्हा तिथे ए9वर बारा व्होल्ट आणणार कोण? म्हणून परवलीचे शब्द ठरले. एएमडीच्या चिपांना 5555 या पत्त्यावर एए, 2एएएवर 55, पुन्हा 5555वर 90 लिहायचं. भरकटलेल्या प्रोग्रॅमने चुकून कळ दाबू नये म्हणून हे तीन टप्पे.

पण नुसत्या आकड्यावरून आकार, सेक्टर, वेळा कळत नाहीत. त्या प्रोग्रॅमरच्या यादीत असाव्या लागतात आणि यादी नेहमीच मागे पडते. नव्वदीत इंटेल, एएमडी, शार्प आणि फुजित्सू यांनी तोडगा काढला: 98 लिहिलं की चिप क्यू, आर, वाय ही अक्षरं देऊन आपली सगळी कुंडली वाचून दाखवते. आठ पिनांच्या सीरियल फ्लॅशसाठी जेडेकने अशीच सोय 2011मध्ये केली.

तरी व्होल्टेजचा घोळ आहेच. आता बऱ्याच लॅपटॉपांत 1.8 व्होल्टची चिप असते, आणि 3.3 व्होल्ट देणारा प्रोग्रॅमर तिला तसाच लावला तर नाव विचारायच्या आधीच ती जायची भीती. म्हणून कारागीर आधी भिंगातून अक्षरं वाचतो: 25क्यू64एफव्ही असेल तर थेट, एफडब्ल्यू असेल तर मध्ये 1.8चा ॲडॅप्टर. आयडी बरोबर आल्यावरही तो डंप, म्हणजे चिपमधल्या मजकुराची प्रत, दोनदा काढतो आणि दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या तरच जुना मजकूर पुसतो. बोर्डाचा सीरियल नंबर आणि विंडोजची की बहुधा त्यातच असते, आणि ती दुसऱ्या लॅपटॉपच्या फाइलीतून मिळत नाही.