वस्तऱ्याचा कल

गावगाड्यात न्हावी बलुतेदार. खळ्यावर रास झाली की त्याच्या वाट्याचं धान्य निघायचं, आणि त्या बदल्यात वर्षभर घरातल्या बाप्यांची डोकी-दाढ्या त्याच्याकडं. आमच्या गावचे न्हावी, आबा, काखेला धोकटी मारून घरोघर फिरायचे. धोकटीत दोन वस्तरे, कात्री, नखं काढायची नऱ्हाणी, पाण्याची वाटी, तुरटी, चामड्याचा पट्टा आणि धारेचा दगड.

दगडावर धार लावताना वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही टेकवून, धार पुढं ठेवून पात सरकवायची. त्यामुळं धारेचा कोन हातानं ठरवावा लागत नाही. पाठीची जाडीच तो ठरवते. पट्ट्यावर उलटं: पाठ पुढं, धार मागं. नाहीतर चामडंच कापलं जायचं. एवढं कुणालाही शिकवता येतं. खरी गोम गालावर. तिथं पाठ टेकायची नसते, कल हातानंच धरायचा. पात फार पालथी पडली की केस तुटत नाही, ओढला जातो अन् डोळ्यांत पाणी येतं. फार उभी झाली की खरवडते, कातडी सोलते. या दोहोंच्या मधे, साधारण ३० अंशांवर, वस्तरा नीट चालतो.

आबांना अंश ठाऊक नव्हते. ते सांगायचे, "पाठ अन् गालाच्या मधी वस्तऱ्याच्या दोन पाठी मावल्या पायजेत. अन् कान उघडा ठिव. बारीक खरखर वाजली म्हंजी बरूबर." डाव्या हातानं कातडी ताणायची, पहिला हात केसाच्या वळणानं फिरवायचा. हनुवटीपाशी गाल वळला की मनगटही तितकंच वळायला हवं.

कल न्हाव्याच्या हातात होता, पण तो कुणाच्या गालावर धरायचा हे गाव ठरवायचं. गावकुसाबाहेरच्या माणसांना आबांचा वस्तरा लागत नसे. तिथं माणसं एकमेकांची डोकी करत. म्हणजे हाच कल तिकडंही कुणीतरी, शिकवणाऱ्याशिवाय, भावाच्या गालावर हुडकून काढला होता. बलुत्याचा हक्क जातीनं मिळायचा. कसब मात्र कुठल्याही मनगटात उतरू शकत होतं.

दुसरीकडं जिथं वस्तरा नको होता, तिथं तो चालवावा लागे. वरच्या जातींत, विशेषतः ब्राह्मणांच्या घरात, नवरा गेला की बाईचं केशवपन व्हायचं. त्या कामाला बोलावणं न्हाव्यालाच. १८९० साली मुंबईत, सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं शेकडो न्हावी जमले, आणि विधवांची डोकी यापुढं भादरायची नाहीत असं त्यांनी ठरवलं. पुस्तकांत ही गोष्ट समाजसुधारणेच्या प्रकरणात येते. मला ती कारागिरांचीही वाटते. हत्यार कसं धरायचं हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. ते कुठं उचलायचं नाही, हे त्या दिवशी त्यांनी स्वतः ठरवलं.

पुढं बलुतं मोडलं. मग एड्सची भीती आली, अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला, दगड आणि पट्टा अडगळीत गेले. आता धार विकत मिळते, कल अजून मिळत नाही. तो नव्या पोरालाही गालावरच शिकावा लागतो, आणि खुर्चीत बसेल त्याच्या गालावर.