सालारजंगांचा संग्रह फुटला नाही, म्हणून...

गणपतीच्या दिवसांत पुण्या-मुंबईकडचे पाहुणे हैदराबादला आले की आपण त्यांना चारमिनार दाखवतो आणि मग सालारजंग संग्रहालयात नेतो. तास वाजायच्या आधी घड्याळासमोर जागा धरायची, बुरख्यातली रिबेका पाहायची आणि चहाला बाहेर पडायचे, हा बहुतेकांचा शिरस्ता. चिनी भांडी, मोगल जेड आणि बिदरीकडे लक्ष जाते ते वेळ उरला तर. आशियातल्या व्यापाराची आणि कारागिरीची गोष्ट मात्र तिथेच आहे. हे सारे आज एका छपराखाली पाहायला मिळते, तेही काही आपोआप घडलेले नाही.

हा संग्रह प्रामुख्याने मीर युसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, यांचा. त्यांचा जन्म १८८९ च्या जून महिन्यात आपल्या पुण्यात झाला आणि महिनाभरातच वडिलांचे छत्र हरपले. आजोबा, पहिले सालारजंग, तीस वर्षे निजामाचे दिवाण होते. रिबेका त्यांनीच १८७६ मध्ये रोमला खरेदी केली. नातू १९१२ मध्ये ऐन तेविशीत दिवाण झाला आणि १९१४ मध्ये त्या पदावरून बाजूला झाला. पुढची पस्तीस वर्षे त्यांनी वस्तू जमवण्यात घालवली. त्यांनी लग्न केले नाही. संग्रहात थोर वस्तू आहेत तशा किरकोळही आहेत. पण तो आहे अफाट.

जुनी वस्तू नुसती पाहून कळत नाही, तिची घडण कळावी लागते. चीनमधली हिरवट झिलईची सेलाडॉन भांडी घ्या. विषारी अन्न वाढले की यांचा रंग बदलतो, अशी समजूत होती, म्हणून राजेरजवाड्यांच्या घरी त्यांना मान. तो हिरवा रंग येतो झिलईतल्या लोहामुळे, आणि तोही भट्टीत हवा कमी ठेवली तरच. शेजारची निळी-पांढरी भांडी चौदाव्या शतकापासून जिंगडेझेन येथे होऊ लागली; सुरुवातीला त्यांचा निळा रंग इराणकडून येई आणि तयार भांडी पश्चिम आशियाकडे रवाना होत. आपण लोणच्याच्या बरणीला आजही ‘चिनी मातीची’ म्हणतो. हैदराबादी शेजारीण तिलाच ‘मर्तबान’ म्हणते. हे नाव ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदराचे. समुद्रावरचा जुना व्यापार असा आपल्या स्वयंपाकघरात बोलतो.

जेडचेही तसेच. हा दगड छिन्नीला दाद देत नाही. कठीण खड्यांच्या भुकटीने घासून घासून त्याला आकार द्यावा लागतो. मोगलांकडे तो मध्य आशियातल्या खोतानकडून येई. शाहजहानची धनुर्धाऱ्याची जेडची अंगठी या संग्रहात आहे. आणि बिदरी तर आपल्या अगदी शेजारची : जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले भांडे, त्यात ठोकून बसवलेली चांदी, आणि बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांनी आणलेला काळा रंग. चांदी तशीच पांढरी राहते, भोवतालचा धातू तेवढा काळा पडतो.

२ मार्च १९४९ रोजी तिसरे सालारजंग वारले. थेट वारस नव्हता आणि वस्तू वेगवेगळ्या वाड्यांत विखुरलेल्या होत्या. नातेवाइकांत वाटणी झाली असती तर अंगठी एकीकडे, भांडी दुसरीकडे आणि उरलेले बाजारात, असेच झाले असते. तेव्हाचे मुख्य प्रशासक वेल्लोडी यांनी कलासमीक्षक जेम्स कझिन्स यांच्याकडे मांडणीचे काम सोपवले. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीत संग्रहालय उघडले. पुढे उच्च न्यायालयाच्या हुकुमनाम्यावर आधारलेल्या तडजोडीने वारसांनी सगळा संग्रह भारत सरकारला दिला. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले आणि १९६८ मध्ये तो मुसीकाठच्या आजच्या इमारतीत आला. दिवाण देवडी पुढे पाडली गेली. आता तिच्या वेशीच तेवढ्या उरल्या आहेत. वाडा गेला, वस्तू राहिल्या. वारसांनी हट्ट धरला असता, तर दोन्ही गेले असते.

आपल्यापैकी अनेकांची घराणी इथे चार-पाच पिढ्यांपासून आहेत. माळ्यावरच्या पेटीत बिदरीचा पानदान असतो, मोडी कागदांचे दप्तर असते, पणजीच्या समया असतात. घर विकून मुले फ्लॅटमध्ये जातात तेव्हा यातले बरेच वजनावर जाते. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित हे पुरावस्तू ठरते. ते खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही. पण कायदा भंगारवाल्यापर्यंत पोचत नाही. तिथे घरच्यांनीच जागे राहायला हवे.

त्यासाठी नवाब असण्याची गरज नाही. बिदरीला चिंच लावून घासू नये, तिचा काळा रंगच तिची शोभा. आणि प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी ठेवावी : कोणाची, कुठून आली, कशाला वापरत. हे सांगू शकणारी माणसे अजून घरात आहेत. गौरी-गणपतीला सगळे एकत्र जमतात. आरती झाल्यावर वही-पेन घेऊन त्यांच्याजवळ बसावे.