डॉक्टरांचे पैसे कोणी द्यायचे? सस्कॅचेवानमधील २३ दिवस

१९४४ साली हेन्री सिगेरिस्ट यांच्याकडे पाठोपाठ दोन कामे आली. सिगेरिस्ट हे अमेरिकेत बाल्टिमोर येथे स्थायिक झालेले वैद्यकशास्त्राचे इतिहासकार. शरद ऋतूत त्यांनी कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात फिरून तेथील आरोग्यसेवेची पाहणी केली आणि अवघ्या काही आठवड्यांत अहवाल हातावेगळा केला. त्यानंतर वर्षअखेरीस ते भारतात आले ते भोर समितीचे सल्लागार म्हणून. भोर समितीचा अहवाल १९४६ साली आला. पैसे नाहीत म्हणून कोणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत, हे तत्त्व त्यात स्वच्छ शब्दांत मांडलेले होते. त्या अहवालाचे पुढे काय झाले हे आपल्या तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाहून वाचकांनी ठरवावे. सिगेरिस्ट ज्या दुसऱ्या प्रदेशात जाऊन आले होते तेथे काय घडले, ते मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

सस्कॅचेवान हा कॅनडाच्या मध्यभागातील गव्हाचा प्रांत. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून थोडे अधिक आणि लोकसंख्या १९६१ साली नऊ लाखांच्या आसपास. हिवाळ्यात पारा शून्याखाली ३०-४० अंशांपर्यंत उतरतो, घरे एकमेकांपासून मैलोन् मैल लांब. अशा ठिकाणी डॉक्टर टिकायचा कसा? १९१५ च्या सुमारास एका ग्रामीण पालिकेचा डॉक्टर गाव सोडून निघाला, तेव्हा पालिकेने त्याला वार्षिक १५०० डॉलर देऊन थांबवून घेतले. हे पैसे शेतकऱ्यांच्या जमीनकरातून आले. पुढच्याच वर्षी प्रांताने कायदा दुरुस्त करून अशा व्यवस्थेला मान्यता दिली. आपल्याकडील बलुत्याची आठवण व्हावी अशी ही रीत आहे: काम पडो न पडो, गावाने वर्षाचे ठरवून द्यायचे. फरक इतकाच की येथे जात नव्हती, ठराव होता. हळूहळू अनेक पालिकांनी हीच वाट धरली. शेजारशेजारच्या पालिकांनी एकत्र येऊन रुग्णालये बांधली. १९२९ पासून प्रांतात क्षयरोग्यांवरील उपचार मोफत झाले. या सगळ्यात समाजवादाचे नाव कोणी घेतलेले नव्हते. ती शेतकऱ्यांची सोय होती.

१९३० नंतर मंदी आणि दुष्काळ एकदमच आले. पीक गेले, गव्हाचा भाव कोसळला आणि डॉक्टरांना फीऐवजी कोंबड्या, बटाटे, सरपण मिळू लागले. त्या काळात सरकारी आरोग्य विम्याला डॉक्टरांचा विरोध नव्हता हे लक्षात ठेवायला हवे. १९४३ साली कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेने आरोग्य विम्याच्या तत्त्वाला जाहीर पाठिंबाही दिला होता. रोग्याच्या खिशात काही नसताना पैसे देणारा कोणीतरी असलेला बरा, हे कोणालाही पटण्याजोगे होते.

१९४४ च्या निवडणुकीत सी.सी.एफ. हा समाजवादी विचारांचा पक्ष प्रचंड बहुमताने निवडून आला आणि टॉमी डग्लस प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री झाले. आरोग्यखाते त्यांनी स्वतःकडेच ठेवले. याला कारण होते. स्कॉटलंडहून आलेल्या कामगार कुटुंबातला हा मुलगा लहानपणी ऑस्टिओमायलायटिसने, म्हणजे हाडात पू होण्याच्या विकाराने आजारी पडला होता. पाय कापावा लागेल असे सांगण्यात आले होते. एका नामांकित शल्यचिकित्सकाने विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी हा रोगी उपयोगी आहे म्हणून फुकट शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. डग्लस ही हकीकत पुढे अनेकदा सांगत. डॉक्टरांविषयी त्यांना कृतज्ञता होती, पण आपला पाय एका योगायोगाने वाचला ही गोष्ट त्यांना मान्य होण्यासारखी नव्हती.

पहिली पावले जपून पडली. १९४६ च्या जुलैत स्विफ्ट करंट या विभागात डॉक्टरांची सेवा विम्याखाली आणण्याचा प्रयोग सुरू झाला. १ जानेवारी १९४७ पासून सगळ्या प्रांतासाठी रुग्णालय विमा आला: दरडोई वर्षाला ५ डॉलर, एका कुटुंबाला फार तर ३०. खाटेचे, शस्त्रक्रियागृहाचे पैसे आता सरकार देणार होते. डॉक्टरची फी मात्र रोग्याकडेच राहिली. पुढचे पाऊल टाकायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला, कारण तेवढा पैसा प्रांताकडे नव्हता. १९५७ च्या कायद्याने केंद्र सरकारने रुग्णालय विम्याचा सुमारे निम्मा खर्च उचलला आणि तिजोरी मोकळी झाली. १९५९ च्या डिसेंबरात डग्लस यांनी रेडिओवरून नवी योजना जाहीर केली. पाच तत्त्वे सांगितली: पैसे आगाऊ भरलेले असतील, सर्वांना लागू होईल, दर्जा उत्तम राहील, कारभार सार्वजनिक संस्थेकडे असेल आणि योजना सेवा देणाऱ्या व घेणाऱ्या अशा दोघांनाही मान्य असेल. हे पाचवे तत्त्व सौजन्याचे होते, पण डॉक्टरांच्या हाती त्यामुळे नकाराधिकार गेला.

कारण डॉक्टर आता १९४३ चे राहिले नव्हते. युद्धानंतर शेती सुधारली आणि डॉक्टरांनी स्वतःच्या देखरेखीखाली ऐच्छिक विमा योजना उभ्या केल्या होत्या. त्या चांगल्या चालल्या होत्या. त्यांचे म्हणणे असे की ज्यांना परवडते त्यांनी असा विमा घ्यावा, ज्यांना परवडत नाही त्यांचा हप्ता सरकारने भरावा. प्रथमदर्शनी हे अगदी वाजवी वाटते. मग सरकारचा हट्ट सर्वांना एकाच योजनेत घेण्याचा का?

थोडे गणित करून पाहू. समजा एका गावात १००० कुटुंबे आहेत आणि वर्षाकाठी उपचारांचा खर्च सरासरी प्रत्येकी १०० रुपये आहे. सर्वांनी १०० भरले तर हिशेब जुळतो. पण विमा ऐच्छिक असेल तर धडधाकट तरुण कुटुंबे म्हणतील, आम्हाला कशाला? ती बाहेर पडली की मागे आजारी आणि वृद्ध राहतात, सरासरी १५० वर जाते, हप्ता वाढतो, मग आणखी काही जण बाहेर पडतात. हे टाळायला विमा योजना मग आजारी माणसालाच घेत नाहीत किंवा त्याचा जुना आजार वगळतात. म्हणजे ज्याला गरज आहे तोच बाहेर. शिवाय गरीब कोण हे ठरवायला प्रत्येकाची मिळकत तपासावी लागते आणि ऐपत नाही असे माणसाला चारचौघांत कबूल करावे लागते. मंदीच्या काळात सरकारी मदतीसाठी हात पसरलेल्या शेतकऱ्यांना त्याची चांगली आठवण होती.

डॉक्टरांची भीती दुसरी होती, आणि ती खोटी होती असे मला वाटत नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. पैसे देणारा एकच राहिला तर उद्या तो फीचे दर ठरवील, परवा औषधे ठरवील, रोग्याचे कागद मागेल. कायद्याच्या मसुद्यात आयोगाला दिलेले अधिकार बरेच ऐसपैस होते, त्यामुळे शंकेला जागा होतीच. आपण शिक्षक मंडळी पगारी. पगार सरकारी आहे म्हणून शिकवणे कमअस्सल होते असे आपण मानत नाही, तरी वरून येणाऱ्या परिपत्रकांचा अनुभव आपल्यालाही आहे. डॉक्टरांचे चुकले ते प्रचारात. १९६० च्या निवडणुकीत त्यांच्या संघटनेने सभासदांकडून वर्गणी गोळा करून योजनेविरुद्ध मोहीम चालवली. ठरावीक शंका मांडण्याऐवजी लोकांना घाबरवण्यावर तिचा भर राहिला. सी.सी.एफ. सुमारे ४१ टक्के मतांवर पुन्हा निवडून आली. सरकारच्या मते हा लोकांचा कौल होता. डॉक्टर म्हणत, ५९ टक्के लोक विरोधात आहेत.

योजनेचा तपशील ठरवायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते डब्ल्यू. पी. थॉम्पसन, गव्हाच्या गुणसूत्रांवर आयुष्यभर संशोधन केलेले शास्त्रज्ञ. १९६१ च्या नोव्हेंबरात कायदा झाला. त्याच महिन्यात डग्लस राष्ट्रीय राजकारणात गेले आणि त्यांच्या जागी वूड्रो लॉईड आले. लॉईड मूळचे शाळामास्तर, शिक्षक संघटनेचे माजी अध्यक्ष आणि सोळा वर्षे शिक्षणमंत्री. शांत, थोडा रुक्ष माणूस. खरी लढाई त्यांच्या वाट्याला आली. १९६२ च्या मे महिन्यात ते डॉक्टरांच्या सभेत स्वतः जाऊन बोलले. उपयोग झाला नाही. जूनमध्ये डग्लस राष्ट्रीय निवडणुकीत खुद्द रिजायना या प्रांताच्या राजधानीत हरले.

१ जुलै १९६२ रोजी योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. निवडक रुग्णालयांत तातडीची सेवा तेवढी चालू ठेवली होती. पहिल्याच दिवशी डॉक्टरच्या शोधात गाडीतून निघालेल्या एका कुटुंबाचे नऊ महिन्यांचे बाळ मेंदूज्वराने दगावले. डॉक्टर असता तर ते वाचलेच असते असे कोणी सांगू शकत नव्हते, पण दोन्ही बाजूंना घाम फुटला. सरकारने ब्रिटनहून विमानाने डॉक्टर आणायला सुरुवात केली. सस्कटून शहरात नागरिकांनी वर्गणी काढून ३ जुलैला स्वतःचा दवाखाना उघडला आणि संपात सामील न झालेले मोजके डॉक्टर तेथे बसू लागले. दुसरीकडे ‘आमचे डॉक्टर राहू द्या’ म्हणणाऱ्या समित्या गावोगाव निघाल्या होत्या. त्यात अनेक साध्या गृहिणी होत्या, आपला डॉक्टर प्रांत सोडून जाईल या धास्तीने आलेल्या. ११ जुलैला रिजायनात विधानभवनासमोर मोठा मोर्चा ठरला. तीस-चाळीस हजार लोक येतील असे सांगितले जात होते, आले चार-पाच हजार. विरोधी पक्षनेते रॉस थॅचर यांनी सभागृहाच्या बंद दाराला लाथ मारली आणि तो फोटो वर्तमानपत्रांत झळकला. पण गर्दी जमली नव्हती हे सर्वांनी पाहिले होते.

तडजोड घडवली ती एका परक्या माणसाने. लॉर्ड टेलर हे ब्रिटनच्या मजूर पक्षाचे उमराव आणि स्वतः डॉक्टर, सरकारच्या निमंत्रणावरून आले होते. त्यांनी दोन्ही बाजूंना एका खोलीत बसू दिले नाही. स्वतः इकडून तिकडे येरझाऱ्या घालून, कधी चिडून, कधी परत जाण्याची धमकी देऊन त्यांनी मसुदा पुढे सरकवला. २३ जुलैला सस्कटून येथे सह्या झाल्या. सर्वांना सक्तीचा सार्वजनिक विमा राहिला. डॉक्टर सरकारी नोकर झाले नाहीत, त्यांचे दवाखाने त्यांचेच राहिले आणि दर तपासणीमागे फी घेण्याची पद्धतही राहिली. वाटल्यास त्यांनी आपली बिले जुन्या विमा संस्थांमार्फत पाठवावीत, अशी सोय ठेवली.

म्हणजे ज्या पगारी, सरकारी वैद्यकाची डॉक्टरांनी भीती घातली होती ते तेथे कधी आलेच नाही. सरकारने दवाखाने चालवले नाहीत, बिले भागवली. सिगेरिस्टना ग्रामीण भागात पगारी डॉक्टर हवे होते, तेही झाले नाही. बुडीत बिले संपल्यामुळे डॉक्टरांचे उत्पन्न उलट वाढले.

१९६४ च्या निवडणुकीत लॉईड हरले आणि दाराला लाथ मारणारे थॅचर मुख्यमंत्री झाले. योजना मोडण्याचे धाडस त्यांनी केले नाही. १९६८ साली त्यांनी रोग्यांवर थोडी फी बसवून पाहिली, ती त्यांच्या पराभवानंतर १९७१ मध्ये रद्द झाली. त्याआधी वैद्यकीय संघटनेनेच केंद्राकडे चौकशी आयोगाची मागणी केली होती. त्यावर सस्कॅचेवानचेच न्यायमूर्ती एमेट हॉल नेमले गेले. ते हुजूर पक्षाचे, त्यामुळे संघटना निश्चिंत होती. १९६४ साली हॉल यांनी देशभर सस्कॅचेवानसारखाच विमा करावा अशी शिफारस केली. १९६६ मध्ये तसा राष्ट्रीय कायदा झाला आणि १९७२ पर्यंत सर्व प्रांत त्यात आले.

विम्याच्या दरावर रोग्याकडून आणखी पैसे घेण्याची मुभा मात्र बराच काळ राहिली होती. १९८४ च्या कायद्याने तिच्यावर टाच आणली, तेव्हा १९८६ मध्ये ओंटारिओ प्रांतातील डॉक्टर पुन्हा संपावर गेले. सस्कटूनमधील नागरिकांचा तो दवाखाना अजून चालू आहे.