सायबरडेक

सायबरडेक : सुट्या भागांतून हौसेने जुळवलेला, उचलून नेता येणारा संगणक. नाव आले विल्यम गिब्सन यांच्या ‘न्यूरोमॅन्सर’ (१९८४) या कादंबरीतल्या ‘डेक’ या काल्पनिक यंत्रावरून. जाड पेटी, अरुंद पडदा, उघडे स्क्रू, खटखटणारा कळफलक. हा थाट पाहून ‘जुन्याची हौस’ असा शिक्का मारला जातो. पण हे रूप हौसेपेक्षा अडचणीने अधिक घडवलेले आहे. कारखाना हवी तशी चपटी बॅटरी बनवून घेतो. हौशी माणसाच्या हाती लागतो तो १८६५० सेल, १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब. त्यावर रास्पबेरी पाय हा एका पाटीवरचा छोटा संगणक बसवला की यूएसबीच्या दुमजली खाचा आड येतात. त्या डिसोल्डर करून पेटी बारीक करणारेही आहेत, तरी लॅपटॉपचा सडपातळपणा येत नाही तो नाहीच. उचलून नेता येणाऱ्या जुन्या संगणकांचेही असेच होते. १९८१च्या ऑस्बोर्न-१मध्ये पाच इंची पडदानळी होती आणि वजन सुमारे ११ किलो, तेही मिळेल ते पेटीत बसवावे लागल्यामुळेच. १९८३चा टीआरएस-८० मॉडेल १०० चार पेन्सिल सेलांवर चाले. पडदा आठच ओळींचा, म्हणून तो कळफलकाच्या वर पट्टीसारखा बसला. आजचा हौशी लांबट पडदा तिथेच बसवतो. साधने तशीच तुटपुंजी असली की घाटही तसाच उतरतो.

कशालाही न जोडलेले खटके आणि शोभेच्या अँटेना यांचे काय, असे कोणी विचारील. ती सजावटच, आणि पुष्कळदा अतीच. मात्र पडद्याचा प्रवाह वेगळा तोडणारा खटका आपली जागा कमावतो : ३,००० मिलिअँपिअर-तासांच्या चार सेलांत सुमारे ४३ वॅट-तास ऊर्जा मावते, आठ वॅट ओढणारा संच हिशेबाने पाच तासांहून थोडा अधिक चालतो, आणि व्होल्टेज पाच व्होल्टपर्यंत चढवताना त्यातलीही थोडी गळते. जुना लॅपटॉप स्वस्त आणि वेगवान पडतो, हा आक्षेप मात्र बिनतोड आहे. त्याला वेगाचे उत्तर नाही. सेल दमला तर तेवढाच बदलता येतो, एवढेच सांगता येते. अडचणच घाट ठरवते याचा सर्वांत ठळक पुरावा बिजागरीत सापडतो. थ्रीडी प्रिंटरवर काढलेली बिजागरी थरांच्या सांध्यावर चिरते, म्हणून कित्येक डेकांना मिटणारे झाकणच नसते. पडदा आणि कळफलक एकाच पाटीवर बसतात, मॉडेल १००सारखे.