एका टोळीचें उत्तरचरित

इंग्लंडच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें इ. स. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत नवजात मुलांच्या नांवांची वार्षिक यादी प्रसिद्ध केली, तींत एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. २०१८ सालीं जन्मलेल्या मुलग्यांत 'आर्थर' हें नांव १९२० च्या दशकानंतर प्रथमच पहिल्या दहांत आलें होतें, आणि 'एडा' हें पणजीच्या पिढीबरोबर मागें पडलेलें नांव मुलींच्या पहिल्या शंभरांत शतकभरानें परतलें होतें. कोष्टकांना कारणें जोडीत बसणें हें अशा कार्यालयाचें काम नव्हे. तरी या खेपेस त्यानें स्वतःच सुचविलें कीं, हा एका दूरचित्रवाणी-मालिकेचा परिणाम असूं शकेल. त्या मालिकेंतील आर्थर हा मारामारीवाचून ज्याला करमत नाहीं असा, दारू व कोकेन यांच्या आहारीं गेलेला एक गुंड आहे. नायकाच्या प्रेमांत पडून प्रेक्षकांनीं त्याच्यासारखी टोपी घातली तर आपण हंसून सोडून देऊं. पण तें प्रेम पाळण्यापर्यंत जाऊन पोंचलें म्हणजे त्याचा थोडा विचार करणें भाग पडतें.

'पीकी ब्लाइंडर्स' ही ती मालिका. बी. बी. सी.वर १२ सप्टेंबर २०१३ रोजीं तिचा पहिला भाग दाखविण्यांत आला, व ३ एप्रिल २०२२ रोजीं शेवटचा. सहा पर्वें मिळून भाग अवघे ३६. पहिल्या महायुद्धांतून बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ या मजूरवस्तींत परत आलेले शेल्बी बंधू, घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेण्याचा त्यांचा धंदा, आणि त्यांतील टॉमस या भावाची चढती कमान, इतकेंच तिचें सूत्र. परंतु तें सांगितल्यानें मालिकेची मोहिनी कळत नाहीं. काजळी, भट्टीच्या ठिणग्या, चिखलांतून मंद चालीनें येणारीं माणसें, अंगांत उंची लोकरी सूट, डोक्यावर तिरपी टोपी, आणि पाठीमागें त्या काळाशीं कांहींएक नातें नसलेलें आजचें कर्कश संगीत, अशा विजोड वस्तूंची ती मोहिनी आहे. किलिअन मर्फी या आयरिश नटानें टॉमसच्या भूमिकेंत डोळ्यांची पापणी हलवावयाची देखील काटकसर केली, आणि प्रेक्षक त्या मौनावर लुब्ध झाले.

हे प्रेक्षक केवळ पाहून स्वस्थ बसले नाहींत. न्हाव्यांकडे जाऊन त्यांनीं कानांवरचे केंस भादरून घेतले. आजोबांच्या खुंटीवर राहिलेल्या टोप्यांना पुन्हां गिऱ्हाईक आलें. डडली येथील ज्या उघड्या वस्तुसंग्रहालयांत मालिकेचें कांहीं चित्रण झालें, तेथें तो काळ अंगावर चढवून यावयाच्या रात्री भरूं लागल्या. २०१९ च्या सप्टेंबरांत बर्मिंगहॅमच्या डिगबेथ भागांत तर या मालिकेच्या नांवानें उत्सवच झाला, आणि २०२२ सालीं त्याच शहरांत टॉमस शेल्बीच्या कथेवर नृत्यनाट्य रंगभूमीवर आलें. खुद्द बर्मिंगहॅमकरांची पहिली प्रतिक्रिया मात्र इतकी भाविक नव्हती. २०१३ सालीं त्यांची मुख्य तक्रार नटांच्या उच्चारांविषयीं होती: ही आमची बोली नव्हे! चित्रणाचा बराचसा भागही लिव्हरपूल, लीड्स अशा परक्या शहरांत झालेला. तथापि ज्या शहराच्या बोलीची इंग्लंडांत पिढ्यानपिढ्या टवाळी होत आली, त्याला जगाच्या नकाशावर असें एकाएकीं स्थान मिळाल्यावर उच्चारांचें दुःख तें लवकरच विसरलें.

आतां खऱ्या टोळीकडे वळूं. १८९० सालच्या मार्च महिन्यांतील एका शनिवारीं रात्रीं जॉर्ज ईस्टवुड नांवाचा एक तरुण कामगार 'रेनबो' नांवाच्या गुत्त्यांत शिरला व त्यानें आल्याचें पेय मागितलें. तो दारू पीत नसे. तेवढ्यावरून तेथें बसलेल्या कांहीं टवाळांनीं त्याची थट्टा आरंभिली. घरीं जातांना त्यांनीं त्याचा पाठलाग केला, लाथा मारल्या आणि पितळी बकलाच्या कमरपट्ट्यांनीं त्याला असा झोडपला कीं, त्याची कवटी फुटली व त्याला कित्येक दिवस रुग्णालयांत काढावे लागले. या हल्ल्याच्या वृत्तांतांत 'पीकी ब्लाइंडर्स' हें नांव प्रथम वर्तमानपत्रांत छापून आलें. या पहिल्या उल्लेखांत ना शर्यतीचा पैसा आहे, ना पोलिसांशीं धूर्त डावपेंच. एका निर्व्यसनी मजुराला दुसऱ्या मजुरांनीं कारणाशिवाय अर्धमेला केला, एवढेंच आहे.

टोपीच्या शेंड्यांत वस्तऱ्याचीं पातीं शिवलेलीं असत आणि त्यांनीं शत्रूला आंधळें करीत, म्हणून हें नांव पडलें, ही गोष्ट चाहत्यांस फार प्रिय आहे. इतिहास तिला आधार देत नाहीं. सुट्या पात्यांचे वस्तरे अमेरिकेंत १९०३ सालीं बाजारांत आले. म्हणजे नांव आधींचें आणि पातें मागाहूनचें. टोपीचा पुढें आलेला शेंडा हाच 'पीकी'चा सरळ अर्थ. त्या पोरांचा खरा वेष मालिकेंतल्यापेक्षां बराच निराळा होता: खालीं घंटेसारखी रुंद होत जाणारी विजार, खिळ्यांचे बूट, गळ्यांत भडक रंगाचा रुमाल, आणि केंस सगळे बारीक कापून पुढची तेवढी झुलपें कपाळावर चोपडून बसविलेलीं. चाहत्यांनीं केंस उचलले, विजार मात्र सोडून दिली, हें त्यांच्या रसिकतेला शोभणारेंच आहे.

पोलिसांच्या संग्रहांत यांपैकीं कांहींचीं छायाचित्रें आहेत. १९०४ सालीं पकडलेला हॅरी फाउलर हा एकोणीस वर्षांचा, कोंवळ्या चेहऱ्याचा पोर त्यांत दिसतो. त्याचा अपराध सायकल चोरल्याचा. पण हीं पोरें भुरटीं असलीं तरी निरुपद्रवी नव्हतीं. १८९७ च्या जुलैंत जॉर्ज स्नाइप या पोलीस शिपायाचा डोक्यांत वीट बसून अंत झाला, आणि १९०१ सालीं गंटर नांवाचा दुसरा शिपाई तशाच प्रकारें प्राणांस मुकला. १८९९ सालीं चार्ल्स रॅफ्टर हा आयर्लंडांतील अधिकारी शहराचा मुख्य पोलीस म्हणून आला. त्याची करडी शिस्त, न्यायासनाकडून मिळणाऱ्या जबर शिक्षा, आणि मुलांना मुष्टियुद्ध व खेळ यांकडे वळविणारीं मंडळें यांच्या योगानें महायुद्ध सुरू होण्यापूर्वींच या टोळ्या मोडल्या होत्या.

येथेंच मालिकेच्या खऱ्या किमयेचें मर्म आहे, असें मला वाटतें. तिनें खरी टोळी जवळजवळ तीस वर्षें पुढें ओढली आणि महायुद्धाच्या पलीकडे नेऊन ठेवली. काळाची ही उलथापालथ केवळ नाट्याच्या सोयीसाठीं केलेली म्हणून क्षम्य ठरेल. पण तिचा परिणाम सोयीपुरता राहत नाहीं. १८९० सालच्या पोरांच्या क्रौर्याला कांहीं कारण देतां येत नाहीं. फार तर दारिद्र्य, गर्दी आणि रिकामपण दाखवितां येईल. १९१९ सालचा टॉमस शेल्बी मात्र फ्रान्सच्या जमिनीखालीं सुरुंग खणून आलेला आहे. रात्रीं त्याला भिंतीपलीकडून कुदळींचे आवाज ऐकूं येतात. त्यानें कोणाचें डोकें फोडलें तर त्या घावामागें सबंध युरोपचा घाव उभा राहतो. प्रेक्षक ज्याच्यावर प्रेम करितात तो गुंड नव्हे, तर जखमी सैनिक आहे. आणि ती जखम खऱ्या टोळीच्या अंगावर मागाहून काढलेली आहे.

ही कथा रचणारे स्टीव्हन नाइट यांनीं तिचा उगम अनेकदां सांगितला आहे. त्यांच्या वडिलांचे चुलते, शेल्डन आडनांवाचे, पैजा घेण्याचा बेकायदा धंदा करीत. वडील लहान असतांना त्यांना एक चिठ्ठी देऊन या चुलत्यांकडे पाठविण्यांत आलें. पायांत जोडा नसलेल्या त्या पोरानें दार ठोठावलें. दार उघडलें तों आंत धुराच्या लोटांत कडक पोषाखांतील माणसें टेबलाभोंवतीं बसलेलीं, टेबलावर नाण्यांचा ढीग, आणि सगळे मुरंब्याच्या बरण्यांतून बिअर पीत होते. कारण कपड्यांवर खर्च करणारीं तीं माणसें पेल्यांवर पैसा घालविणार नाहींत! सबंध मालिका या एका दाराच्या फटींतून पाहिलेली आहे. अमेरिकन लोकांनीं आपल्या गुराख्यांचें पुराण केलें, तसें आपण आपल्या मजूरवस्तीचें करावें, ही नाइट यांची इच्छा ते लपवीत नाहींत. आणि तींत न्याय नाहीं असें कोण म्हणेल? इंग्रजी ऐतिहासिक नाट्यांत सरदारांच्या हवेल्यांना जागा असते व मजूर बहुधा चहाचें तबक घेऊन येतो. स्मॉल हीथच्या गल्लीला महाकाव्याचा प्रकाश मिळाला, याचा आनंद तेथील नातवंडांना झाला, तो खरा आहे.

परंतु त्याच शहरांत, तशाच घरांत वाढलेला दुसरा एक साक्षीदार आहे. इतिहासकार कार्ल चिन यांचे आजोबा १९२२ पासून स्पार्कब्रुकच्या गल्लींत बेकायदा पैजा घेत. वडीलही त्याच धंद्यांत. चिन यांनीं स्वतः कांहीं काळ तो केला. त्यांचे पणजोबा एडवर्ड डेरिक हे मात्र खरेखुरे पीकी ब्लाइंडर होते, आणि कुटुंबाच्या आठवणींत ते उरले आहेत ते भुरटे चोर व बायकोला मारझोड करणारे म्हणून. चिन यांनीं या टोळ्यांवर ग्रंथ लिहिले, न्यायालयांचीं जुनीं दप्तरें उलगडलीं, आणि पुन्हां पुन्हां एकच गोष्ट सांगितली: या माणसांचा त्रास सरदारांना झाला नाहीं, सावकारांना झाला नाहीं, तो झाला शेजारच्या कष्टकऱ्यांना. एका घराला वारसा मिळाला दाराच्या फटींतून दिसलेल्या झगमगाटाचा, दुसऱ्याला मिळाला दार आंतून बंद झाल्यावरच्या अनुभवाचा. दोन्ही आठवणी बर्मिंगहॅमच्याच. जगानें पहिली उचलली; आणि गंमत अशी कीं, दुसरी सांगणारे चिन यांचे ग्रंथ विकत घेणारे वाचकही बहुतांशीं मालिकेचेच चाहते असावेत.

गुन्हेगारावर समाज भाळल्याची ही कांहीं पहिलीच वेळ नव्हे. १७२४ सालीं जॅक शेपर्ड व १७२५ सालीं जोनाथन वाइल्ड लंडनांत फांसावर चढले, आणि तीनच वर्षांनीं, २९ जानेवारी १७२८ रोजीं, जॉन गे याचें 'बेगर्स ऑपेरा' रंगभूमीवर आलें. त्याचा नायक वाटमाऱ्या मॅकहीथ. पहिल्या हंगामांत ६२ प्रयोग झाले. त्यांतील पदें बायकांच्या पंख्यांवर छापलीं गेलीं. पॉलीचें काम करणारी नटी लॅव्हिनिया फेंटन पुढें एका ड्यूकची पत्नी झाली. थॉमस हेरिंग या धर्मोपदेशकानें व्यासपीठावरून निषेध केला, आणि १७७३ सालीं न्यायाधीश जॉन फील्डिंग यानें गॅरिकला हा खेळ बंद ठेवावा अशी विनंती केली, कारण त्यामुळें चोर वाढतात! पंखे गेले, टोप्या आल्या, एवढाच काय तो फरक. परंतु गे याच्या नाटकांत एक विखार होता, तो येथें क्षीण आहे. मॅकहीथकडे पाहून हंसणाऱ्या प्रेक्षकाला शेवटीं कळत असे कीं, आपण पंतप्रधान वॉल्पोललाच हंसत आहों. टॉमस शेल्बीकडे पाहणाऱ्याला आपणच टॉमस शेल्बी व्हावें असें वाटतें. २०२३ सालीं अमेरिकेंतील अध्यक्षपदाच्या एका उमेदवाराच्या प्रचारमंडळानें प्रसृत केलेल्या चित्रफितींत पौरुषाचा आदर्श म्हणून टॉमसचीं दृश्यें वापरलेलीं आढळलीं. मालिकेच्या कर्त्यांनीं व खुद्द मर्फी यांनीं त्याचा जाहीर निषेध केला. पण ज्यानें सहा पर्वें त्या चेहऱ्यावर प्रकाश पाडण्यांत घालविलीं, त्यानें हा निषेध करावा हें न्याय्य असलें तरी थोडें उशीराचें आहे.

मालिकेनें इतर खऱ्या माणसांचें काय केलें, हेंही पाहण्याजोगें आहे. शर्यतीच्या मैदानांचा खरा सत्ताधीश बर्मिंगहॅमचा बिली किंबर. मालिकेनें त्याला १९१९ सालींच गोळी घालून मोकळें केलें. वस्तुतः तो १९४५ सालीं टॉर्की येथें वारला. त्याच्याविषयीं कोणी अश्रू गाळावे असें नाहीं. पण जेसी ईडनची गोष्ट निराळी. १९३१ सालीं ल्यूकस कारखान्यांतील दहा हजार कामकरी स्त्रिया संपावर गेल्या, त्यांची ही पुढारी. १९३९ सालीं बर्मिंगहॅमच्या भाडेकरूंच्या लढ्यांतही ती पुढें होती. मालिकेनें तिला आणलें, तें टॉमसची प्रेयसी करून. गुंडाला जी भव्यता मुक्तहस्तें वांटली, तिचा अर्धा वांटा जरी या बाईला दिला असता, तरी मजूरवस्तीचें पुराण रचण्याचा हेतु अधिक प्रामाणिकपणें सिद्धीस गेला असता. अर्थात् संपवाल्या बायकांची टोपी बाजारांत विकतां येत नाहीं.

बर्मिंगहॅमच्या स्टीलहाउस लेनमधील जुनी पोलीस-कोठडी १८९१ सालीं, म्हणजे ईस्टवुडवरील हल्ल्यानंतर एका वर्षानें, बांधण्यांत आली. २०१६ पर्यंत तींत कैदी ठेवीत. २०२२ पासून तेथें पोलिसांचें संग्रहालय आहे, आणि टोळीचीं तीं छायाचित्रें त्या संग्रहाचें मोठें आकर्षण होऊन राहिलीं आहेत. हॅरी फाउलरचा चेहरा, त्याचें वय, त्याची चोरलेली सायकल, सारें आज जगाला ठाऊक आहे. जॉर्ज ईस्टवुडचें नांव माहीत असणारे त्या मानानें थोडे; आणि त्यानें त्या रात्रीं काय प्यावयास मागितलें होतें, हें ठाऊक असणारे त्याहून थोडे.