जात्यावरची ‘मी’

मराठी स्त्रीने ‘मी’ हा शब्द प्रथम केव्हा लिहिला, असा प्रश्न निघाला की अभ्यासक आपल्याला थेट छापील पुस्तकाकडे नेतात. ते चूक नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त 1855 साली छापून आला. वेद ज्यांचे, त्यांचा धर्म. मग आमचा कोणता, असे ती त्यात देवालाच विचारते. पुढे 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून सगळ्या पुरुषजातीलाच जाब विचारला. रमाबाई रानडे यांच्या आठवणी 1910 च्या, आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ कोणी वाचली नाहीत?

परंतु या मालिकेत आपला बीड जिल्हा कोठे आहे? हा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठाची शिकवण उर्दूत चाले. जेथे मराठी मुलालाच आपल्या भाषेत वरचे शिक्षण दुर्मीळ, तेथे मुलीच्या हाती लेखणी कोण देणार? म्हणून आमच्याकडे स्त्रीचे आत्मकथन झालेच नाही, असे अनुमान कोणी काढील, तर ते मात्र मला मान्य नाही. कागद नव्हता, जाते होते.

पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला हात घालीत, आणि दाण्याबरोबर ओवी येई. ती ऐकायला पुरुष जागा नसे. (जागा असला तरी ऐकत नसे, हेही खरे!) ओवीतली बाई ‘माझा बंधू’, ‘माझी मायबाई’, ‘माझी लेक’ असे म्हणत म्हणत स्वतःविषयी बोलते. तिची ‘मी’ नात्यांच्या आडून येते, पण येते. आणि ती एकटीची नसते. एकीने जोडलेली ओवी दुसरी आपलीशी करून पुढे नेते. ग्रंथकर्तृत्वाची आपली कल्पना येथे लंगडी पडते.

हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवँ यांनी पुण्यात राहून, सहकाऱ्यांच्या साहाय्याने, गावोगावच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या संग्रहात आपले माजलगाव आहे. तेथील भीमनगरातल्या बायांच्या ओव्या 1996 साली ध्वनिमुद्रित झाल्या. देवादिकांसाठी राखलेल्या त्या जुन्या रचनेत या बायांनी बाबासाहेबांना, रमाबाईंना आणि बुद्धाला आणून बसविले. ज्या बाईला सभेत बोलायला कोणी उभे केले नाही, तिने 1956 च्या धर्मांतराचा अर्थ पीठ दळता दळता लावला. याला मी इतिहासलेखन म्हणतो. आणखी एक गोष्ट. या नोंदींत गाणारणीचे नाव आणि गाव लिहिलेले आहे. ‘लोकगीत, अज्ञात’ अशी चिठ्ठी डकवून मोकळे होण्याची आपली जुनी सवय येथे मोडली.

लेखणी हाती आल्यावरही ही सामाईक ‘मी’ सुटली नाही. शांताबाई कांबळे यांनी आपल्या पुस्तकाचे नावच बोलीत ठेवले: ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटे दुकान चालवीत लिहीत. ते लिखाण त्यांनी सुमारे वीस वर्षे घरात लपवून ठेवले. पुढे 1986 साली ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले. शीर्षकात ‘माझं’ नाही, ‘आमुचं’ आहे, हे ध्यानात घ्या. शिकलेल्या, वरच्या जातींच्या स्त्रियांच्या आत्मचरित्रांत घरचा उंबरठा हा प्रश्न असतो. येथे साऱ्या वस्तीची भूक आहे, आणि त्या वस्तीतल्या पुरुषाचा मारही आहे. दोन्ही बाजूंना तोंड देऊन लिहायचे, म्हणून हे लेखन अवघड.

दूर ऑस्ट्रेलियातही असेच घडले. तेथील आदिवासी कुळातल्या सॅली मॉर्गन यांचे ‘माय प्लेस’ 1987 साली निघाले. लहानपणी त्यांना घरून शिकविलेले असे, की कोणी विचारले तर आपण भारतातले आहोत असे सांगायचे! गोऱ्यांच्या राज्यात आदिवासी असण्यापेक्षा आपल्या देशाचे नाव घेणे सुरक्षित वाटावे, यावरून त्या भयाची कल्पना येईल. खरे कुळ कळल्यावर त्यांनी आपली कथा एकटीने सांगितली नाही. आजीचा भाऊ, आई आणि आजी यांची निवेदने त्यांच्याच तोंडून पुस्तकात घातली. आजी सर्वांत शेवटी बोलली, आणि तीही सगळे बोलली नाही. काही गोष्टी आपल्याबरोबरच जाव्यात, असे तिने ठरविले होते.

आमच्याकडे असे ठरविण्याची सवडही पुष्कळींना मिळाली नाही. गावात वीज आली, पिठाची गिरणी आली. बाईच्या खांद्याचे ओझे उतरले ते चांगलेच झाले. त्या दळणासाठी कोणी हळहळू नये. पण पहाटेची ती दोघींची बैठक मोडली. माजलगावच्या बायांसमोर ध्वनिमुद्रणाचे यंत्र वेळेवर पोहोचले. गेवराई, पाटोदा, आष्टीच्या वाड्यावस्त्यांवर ज्यांना त्या ओव्या अजून आठवतात, त्या आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.