नोंदवहीतली थंडी, वावरातल्या गारा

अकोला म्हटलं की आपल्याला मे महिन्यातलं ऊन आठवतं. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि दुपारी ओस पडलेला रस्ता. याच अकोल्यात एकदा पारा २.२ अंशांपर्यंत उतरला होता, असं सांगितलं तर कोणी खरं मानेल का? पण ते खरं आहे. तारीख होती ९ फेब्रुवारी १८८७, वार बुधवार. त्याच दिवशी अमरावतीत ५ अंशांची नोंद झाली. दोन्ही शहरांच्या जुन्या नोंदींत नीचांकी तापमान म्हणून हाच दिवस दिलेला आहे.

एवढी जुनी गोष्ट आज आपल्याला कशी कळते? आपल्या देशाचं हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. ठिकठिकाणी तापमापक ठेवून रोज आकडे लिहायची पद्धत पडली. रात्रीचं तापमान मोजायच्या तापमापकात एक बारीक काडी असते. रात्री सर्वांत कमी तापमान असेल तिथं ती थांबते. सकाळी कोणीतरी जाऊन ती वाचायची आणि वहीत लिहायची, इतकंच ते काम. त्या दिवशी हे काम कोणी केलं, ते आपल्याला ठाऊक नाही. पण त्याने लिहिलं, म्हणून ती थंडी आपल्यापर्यंत पोचली.

आपल्याकडं अशी थंडी येते कुठून? हिवाळ्यात पश्चिमेकडून वाऱ्यांचे झोत येतात आणि हिमालयात बर्फ, पाऊस पाडून पुढं जातात. त्यांच्या मागून उत्तरेचा कोरडा गार वारा खाली वऱ्हाडापर्यंत पोचतो. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमिनीची ऊब भराभर निघून जाते. तापमापक जमिनीपासून साधारण चार फूट उंच असतो. जमिनीलगत त्याहूनही गार असतं. म्हणून पेटीतला आकडा दोन-तीन अंश असला, तरी वावरातलं कोवळं पीक करपू शकतं. हरभऱ्याच्या वावरात रात्री पाणी देतात किंवा धुऱ्यावर धूर करतात, त्यामागं हेच कारण आहे.

शिवरात्र आली की थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आपल्या आज्या सांगत. पण थंडी जाता जाता कधी कधी गारा टाकून जाते. उत्तरेची गार हवा आणि समुद्राकडून आलेली दमट हवा आपल्या डोक्यावर भेटली की ढग उंच चढतात. ढगातला जोरकस वारा थेंबांना वर गोठणाऱ्या हवेत नेतो. तिथं त्यांच्यावर बर्फाचे थर चढतात. गार मधोमध कापून पाहिली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. वाऱ्याला वजन पेलेनासं झालं की ती खाली येते.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राला झोडपत राहिली. पुढं २०१८ साली ११ फेब्रुवारीला, रविवारी, शिवरात्र दोन दिवसांवर असताना अमरावती, अकोला, बुलडाणा आणि वाशीम जिल्ह्यांत गारा पडल्या. या दिवसांत गहू ओंबीवर असतो, हरभरा सोंगणीला आलेला असतो. वरुड-मोर्शीकडं संत्र्याच्या मृग बहाराची फळं झाडावर आणि आंबिया बहाराची फुलं फांदीवर असतात. म्हणजे एका गारपिटीत या वर्षाचं पीकही जातं आणि पुढचंही.

गारा जीवही घेतात. आपल्याकडच्या त्या थंडीच्या पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १८८८ रोजी, उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादजवळ गारांच्या माराने २४६ माणसं मेली. संत्र्याएवढ्या गारा होत्या, असं सांगतात. गारपिटीत सर्वाधिक माणसं दगावल्याची ही जगातली नोंद आहे. म्हणून आभाळ काळवंडून वारा सुटला की सोंगलेलं झाकायला धावू नका. आधी पक्क्या छपराखाली जा. झाडाखाली तर थांबूच नका, तिथं विजेचं भय.

आता आपल्या कामाची गोष्ट. गारपिटीनंतर पंचनामा होतो. २०१५ पासून ३३ टक्के नुकसान झालं तरी शेतकरी मदतीला पात्र धरला जातो, त्याआधी ५० टक्के लागायचं. पण मदत सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. आपल्यापैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? आणि हरभरा सोंगायला जाणाऱ्या बाईची पंधरा दिवसांची मजुरी बुडाली, ती कोणत्या रकान्यात लिहायची? पंचनाम्यात पीक मोजलं जातं, बुडालेला रोज मोजला जात नाही. जे लिहिलं नाही, ते मागताना पुरावा कुठून आणायचा?

म्हणून आमचं सांगणं एवढंच, की बचतगटाच्या वहीची मागची चार पानं राखून ठेवा. गारा पडल्या की तारीख, वेळ, किती मिनिटं पडल्या ते लिहा. गार बोराएवढी, सुपारीएवढी की लिंबाएवढी, तेही लिहा. कोणाचं काय गेलं आणि कोणत्या बाईचे किती रोज बुडाले, ते नावानिशी लिहा. खाली सगळ्याजणींनी सह्या करा. या वहीने लगेच पैसे मिळतील असं आम्ही म्हणत नाही. पण ग्रामसभेत उभं राहून बोलायला हातात कागद असेल.

१८८७ ची एक सकाळ एका ओळीमुळं टिकली. आपल्या वावरातली दुपारही एका ओळीत मावेल. पुढच्या बैठकीला वही सोबत घेऊन या. राम राम!